सातांचा रदीफ

युद्धावरचं जाडजूड पुस्तक हातात आलं की मी ते मागून उघडतो. नकाशे संपलेले असतात, सूची सुरू व्हायची असते, आणि मधल्या चार-दोन पानांवर बारीक टायपात कोणाच्या हाताखाली कोण होतं याचे तक्ते छापलेले असतात. ही पानं सहसा कोणी वाचत नाही. प्रकाशकालाही ते ठाऊक असावं, कारण छपाईच्या चुका सर्वांत जास्त तिथेच सापडतात. माझा मात्र या पानांवर जीव आहे. पुढच्या सहाशे पानांत लेखक त्याचं म्हणणं सांगत असतो. या पानांवर सैन्य आपल्याबद्दल स्वतः बोलतं, आणि तेही फक्त आकड्यांत.

आज वाचायला घेतलेला तक्ता चार ओळींचा आहे. ऑटोमन साम्राज्याची तिसरी कोअर, गल्लीपोलीचं द्वीपकल्प, २५ एप्रिल १९१५ची पहाट:

तिसरी कोअर, सेनापती एसाद पाशा.
सातवी डिव्हिजन: १९, २०, २१.
नववी डिव्हिजन: २५, २६, २७.
एकोणिसावी डिव्हिजन: ५७, ७२, ७७.

तोफखाना, घोडदळ, इस्पितळं ही शेपटं मी मुद्दाम छाटली आहेत. उरले नऊ आकडे, म्हणजे पायदळाच्या नऊ रेजिमेंटा. कविता एवढीच.

ती मोठ्याने वाचून पाहा. ज्यांनी लहानपणी संध्याकाळी दिव्यापुढे बसून पाढे म्हटले असतील त्यांच्या कानाला लगेच काहीतरी ओळखीचं लागेल. सात त्रिक एकवीस. नऊ त्रिक सत्तावीस. डिव्हिजनचा आकडा घ्यायचा, तिनाने गुणायचं. आली तिची शेवटची रेजिमेंट. तिच्या अलीकडचे दोन आकडे आधीच्या दोन रेजिमेंटांचे. सातवीच्या १९, २०, २१. नववीच्या २५, २६, २७. हाच पाढा एक पायरी वर चढवला तर कोअरही त्यातच बसते. तीन त्रिक नऊ, म्हणून तिसऱ्या कोअरच्या डिव्हिजनी ७, ८ आणि ९. पहिल्या कोअरच्या १, २, ३. दुसरीच्या ४, ५, ६. पायरी खाली उतरा: प्रत्येक रेजिमेंटमध्ये तीन बटालियन. म्हणजे कोअरमध्ये तीन डिव्हिजनी, नऊ रेजिमेंटा, सत्तावीस बटालियन.

आपल्याकडे अक्षरगणवृत्तात एक गण तीन अक्षरांचा असतो. य, म, त, र, ज, भ, न, स असे आठ गण आलटूनपालटून येतात, पण तीन अक्षरांचं बंधन सुटत नाही. हा तक्ता त्याच जातीचा. (महाभारतातली अक्षौहिणीसुद्धा पत्तीपासून अनीकिनीपर्यंत तीन-तीनच्या पटीनेच वाढते, हे आठवून मला एकदा फार आनंद झाला होता. त्या आनंदातून कसलाही सिद्धान्त काढायचा नसतो, हे कळायला थोडा वेळ गेला.)

हे वृत्त कोणी घातलं? १९१० साली आखलेल्या आणि १९११च्या आरंभी अमलात आलेल्या पुनर्रचनेने. त्याआधीचं ऑटोमन सैन्य मोठमोठ्या प्रादेशिक 'ओर्दूं'मध्ये विभागलेलं होतं. १८४३ साली पाच ओर्दू होत्या, पुढे बगदादची सहावी आली. ओर्दू म्हणजे सैन्य, छावणी. तोच शब्द दिल्लीच्या छावणीत एका भाषेचं नाव झाला. नव्या रचनेत ओर्दूच्या खाली 'कोलोर्दू' आली. तुर्कीत 'कोल' म्हणजे बाहू. सैन्याचा एक हात, जो खांद्यापासून बोटांपर्यंत आपापला पूर्ण असतो, तोफा, खेचरं, इस्पितळ, भटारखाना सगळं बाळगतो आणि काही दिवस धडावाचूनही लढू शकतो. इंग्रजी अमलातून आलेल्या आपल्या 'कोअर' या शब्दात हे चित्र नाही. नाव ठेवण्यात तुर्कांनी बाजी मारली, असं माझं मत आहे.

या रचनेचं श्रेय सवयीने जर्मनांना दिलं जातं. कोलमार फॉन डेर गोल्ट्झ १८८३मध्ये इस्तंबूलला आला, बारा-तेरा वर्षं राहिला, त्याने अधिकाऱ्यांची एक पिढी घडवली, हे खरं. पण त्या काळातली जर्मन कोअर उलगडून पाहा. दोन डिव्हिजनी, प्रत्येकीत दोन ब्रिगेड, प्रत्येक ब्रिगेडमध्ये दोन रेजिमेंटा. सगळा दोनाचा पाढा. गुरूच्या वहीत जे गणित नाही ते शिष्याने नकललं असं म्हणता येत नाही. १९०८पासून सेनाप्रमुख असलेल्या अहमद इज्जत पाशांच्या कचेरीने ब्रिगेड ही मधली पायरीच काढून टाकली आणि तीन रेजिमेंटा थेट डिव्हिजनच्या सेनापतीच्या हाती दिल्या. खुद्द जर्मन सैन्य त्रिकावर आलं ते महायुद्ध पेटल्यावर, १९१५पासून. इंग्रज त्याहूनही उशिरा.

त्रिकाचा फायदा शेतकऱ्यालाही समजेल. दोन बैल औताला, एक गोठ्यात विसाव्याला. दोन तुकड्या पुढे, एक मागे राखीव. पुढचं कोणी थकलं, फुटलं की मागची हाताशी असते. चार तुकड्यांत तेच करता येतं, पण दोन ब्रिगेडिअर मध्ये उभे राहतात, आणि निरोप एका कानातून दुसऱ्या कानात जाताना उन्हं उतरतात.

आता या कवितेचा शब्दकोश. ऑटोमन फौजेचे शब्द वाचताना मराठी वाचकाला परक्या घरात आपलीच भांडी दिसल्यासारखं होतं. तोफेला ते 'तोप' म्हणतात, तोफ डागणाऱ्याला 'तोपचू', आणि इस्तंबूलमध्ये जिथे तोफा ओतत त्या मोहल्ल्याचं नाव तोपहाने: आपला तोफखाना. डिव्हिजनला तेव्हा 'फिरका' म्हणत. आपण तो शब्द पंथ, टोळी या अर्थाने ऐकलेला आहे. कंपनीचा प्रमुख यूझबाशी, म्हणजे शंभरांचा नाईक. बटालियनचा प्रमुख बिनबाशी, म्हणजे हजारांचा. पंचहजारी मनसबी ऐकत वाढलेल्यांना हे वेगळं समजावायला नको.

पण माझा सर्वांत लाडका शब्द 'रदीफ', तुर्की उच्चारात रेदीफ. मराठी गझलेमुळे तो आपल्या ओळखीचा झाला: शेराच्या शेवटी, काफियानंतर म्हणजे यमकानंतर, पुन्हा पुन्हा तोच येणारा शब्द. अरबीत त्याचा मूळ अर्थ घोड्यावर दुसऱ्याच्या मागे बसलेला. ऑटोमन सैन्यात रदीफ म्हणजे नेमणुकीची मुदत संपवून घरी गेलेला आणि युद्ध आलं की पुन्हा बोलावला जाणारा राखीव शिपाई. नियमित फौज म्हणजे निजाम, तिच्यामागून येतो तो रदीफ. एकच शब्द ओळीच्या शेवटी उभा राहतो आणि फौजेच्याही.

या रदीफने १९१२मध्ये घात केला. बाल्कन युद्ध पेटलं तेव्हा नवी रचना जेमतेम पावणेदोन वर्षांची होती. वयस्क, सराव सुटलेले, काही तर धड शिकवलेलेही नव्हते असे रदीफ शिपाई वेगळ्या तुकड्या करून उभे केले गेले, आणि कर्क किलिसे, लुलेबुर्गाझ इथे जे व्हायचं ते झालं. चतालजाच्या रेषेवर, इस्तंबूलच्या दारातच, फौज थांबू शकली. पराभवानंतर अहमद इज्जत पाशांनी रदीफ तुकड्या मोडून टाकल्या. राखीव माणसं यापुढे नियमित रेजिमेंटांतच भरायची, वेगळी रांग नाही. गझलेच्या शास्त्रात रदीफ नसलेल्या रचनेला गैरमुरद्दफ म्हणतात. १९१४ची ऑटोमन कोअर त्या अर्थाने गैरमुरद्दफ आहे. तिची मांडणी घट्ट झाली. ऑगस्ट १९१४च्या जमवाजमवीत अनेक कोअर वेळापत्रकाच्या मागे पडल्या. ठरल्या मुदतीत सज्ज झाली ती तिसरी.

एवढी पूर्वतयारी झाल्यावर तिसऱ्या ओळीपाशी या. तिथे वृत्त मोडतं.

सात, मग आठ यायला हवी. नाही. सात, नऊ, आणि एकदम एकोणीस. आठवी डिव्हिजन कोअरमधून उचलून सीरियाकडे, जमाल पाशांच्या सैन्याकडे दिली होती. तिच्या जागी १९१५च्या आरंभी तेकिरदा इथे एकोणिसावी नव्याने उभी केली, आणि सोफियात लष्करी वकील म्हणून बसून कंटाळलेल्या मुस्तफा केमाल नावाच्या लेफ्टनंट कर्नलला दिली. तिच्या रेजिमेंटा ठरल्या होत्या ५७, ५८, ५९. एकोणीस त्रिक सत्तावन्न; निदान एक आकडा पाढ्यात बसत होता. पुढे ५८ आणि ५९ काढून घेतल्या आणि ७२, ७७ दिल्या.

कवितेत शब्द बदलला की जुना शब्द कुठे गेला आणि नवा कुठून आला हे पाहायचं असतं. पाढा उलटा म्हणा. चोवीस त्रिक बहात्तर: ७२ ही चोविसाव्या डिव्हिजनची शेवटची रेजिमेंट. सव्वीस त्रिक अठ्ठ्याहत्तर, त्याच्या अलीकडची ७७: सव्विसाव्या डिव्हिजनची मधली. चोविसावी आणि सव्विसावी दोन्ही सहाव्या कोअरच्या, आणि सहाव्या कोअरचं शांततेतलं ठाणं हलब, म्हणजे अलेप्पो. एकही नाव न वाचता, निव्वळ आकड्यांवरून, कळलं की केमालच्या डिव्हिजनचे दोन तृतीयांश शिपाई बहुतांश अरब होते. नऊपैकी सहा बटालियन. तुर्की राष्ट्रकथेला ही ओळ फारशी आवडत नाही. तिने ५७ ठेवली, बाकीच्या दोन जरा अंधारात सरकवल्या.

मांडणीचं सौंदर्य त्या पहाटेच्या जमिनीवर दिसतं. जर्मन सेनापती लिमान फॉन झांडर्सच्या हाताखालच्या पाचव्या सैन्यात दोन कोअर होत्या: पंधरावी आशियाच्या किनाऱ्यावर, एसाद पाशांची तिसरी द्वीपकल्पावर. एसाद पाशा म्हणजे यानिनाचा किल्ला मार्च १९१३पर्यंत ग्रीकांविरुद्ध लढवलेला माणूस. वेढा काय असतो हे त्यांना आतून माहीत होतं. सातवी उत्तरेला बोलायिरच्या चिंचोळ्या मानेवर, नववी दक्षिणेच्या लांबलचक किनाऱ्यावर पसरलेली, एकोणिसावी मागे बिगाली गावापाशी. दोन पुढे, एक मागे. नववीच्या पोटातही तेच: २६ दक्षिण टोकाला, २७ पश्चिम किनाऱ्यावर, २५ राखीव. आणि २७च्या पोटात चाल उलटी केलेली: दुसरी बटालियन किनाऱ्यावर पातळ पसरलेली, पहिली आणि तिसरी मागे मायदोसपाशी एकवटलेल्या. किनारा फक्त चाहूल घेण्यापुरता धरायचा, बळ मागे राखायचं.

आरीबुर्नूच्या खडकांवर दुसऱ्या बटालियनची आठवी कंपनी होती, यूझबाशी फाईक यांची. बटालियनला चार कंपन्या, म्हणून दुसरीची शेवटची आठवी. मूळ पाढ्यातल्या शेवटच्या डिव्हिजनची शेवटची रेजिमेंट, तिच्या किनाऱ्यावरच्या बटालियनची शेवटची कंपनी. पाढा जिथे संपतो नेमक्या तिथेच ऑस्ट्रेलियन शिपाई अंधारात होड्यांतून उतरले. हा निव्वळ योगायोग आहे. पण तक्ता वाचणाऱ्याने अशा योगायोगावर क्षणभर तरी थांबावं, नाहीतर तक्ते वाचूच नयेत.

फाईक यांची कंपनी चिरडली गेली, ते स्वतः जखमी झाले. २७चे प्रमुख लेफ्टनंट कर्नल शफीक आदल्या रात्रीच्या कवायतीतून नुकत्याच परतलेल्या दोन बटालियन घेऊन टेकड्यांकडे निघाले. त्यांच्यामागून केमालने ५७वी रेजिमेंट आणि एक डोंगरी तोफखाना घेऊन चढ धरला. एकोणिसावी डिव्हिजन कागदावर एसाद पाशांची, पण खरं तर सैन्याची सामाईक राखीव. वरून हुकूम यायच्या आधीच केमाल निघाला. मध्ये ब्रिगेडिअर असता तर हुकुमाला आणखी एक टप्पा. अहमद इज्जत पाशांनी १९१०मध्ये खोडलेली ती एक ओळ या सकाळी फळाला आली, असं मी मानतो. केमालची धडाडी सर्वांना माहीत आहे. त्या खोडलेल्या ओळीचं कौतुक कोणी करत नाही.

दिवस मावळेपर्यंत आरीबुर्नूसमोर कोण उभं होतं पाहा: २७, ५७, ७७, आणि ७२. मराठीत म्हणा: सत्तावीस, सत्तावन्न, सत्त्याहत्तर. सुरुवातीला 'सत्त' येऊन छान अनुप्रास साधतो. पण ही कविता तुर्की आहे. तुर्कीत म्हणा: यिर्मी येदी, एल्ली येदी, येतमिश येदी. 'येदी' म्हणजे सात. ओळीच्या शेवटी तोच शब्द, तीनदा. क्रमवाचक केलं तर येदिंजी, येदिंजी, येदिंजी. सैन्यातून रदीफ हद्दपार झाला होता, आणि तो या टेकडीवर असा परत आला, आकड्याच्या शेपटीत. यिर्मी आणि एल्ली इकारान्त असल्याने ओढूनताणून काफियाही जमतो. येतमिशपाशी मात्र तो फसतो.

आणि फसली ती ७७च. रात्रीच्या अंधारात तिची पांगापांग झाली, आणि केमालच्या लिखाणात तिच्याविषयी कडवट तक्रार आहे. तक्रार खोटी नसेल. पण शिपायांची भाषा एक, अधिकाऱ्यांची दुसरी, जमीन दोघांनाही अनोळखी, आणि ज्या पाढ्यात त्यांची जागा होती तो शेकडो मैल दूर अलेप्पोत. अशा रेजिमेंटकडून पहिल्याच रात्री काय अपेक्षा ठेवायची? ५७च्या बिनबाशी हुसेन अवनींना तेकिरदातच उभं केलेलं, एका सुरात बोलणारं दळ मिळालं होतं. ते १३ ऑगस्ट १९१५ला त्याच आघाडीवर मारले गेले. तोवर त्यांची रेजिमेंट दंतकथा झाली होती. संपूर्ण ५७ तिथेच शेवटच्या माणसापर्यंत कामी आली, असंही सांगतात. ते खरं नाही. १९१६मध्ये एकोणिसाव्या डिव्हिजनबरोबर ती रेजिमेंट ऑस्ट्रियाच्या मदतीला गॅलिशियात रशियनांशी लढत होती. दंतकथेला पुन्हा उभी राहणारी रेजिमेंट अडचणीची वाटते. मला तीच जास्त आवडते.

या तक्त्याचा दोष सांगायचा तर तो न थकणारा आहे. २७ हा आकडा २५ एप्रिलच्या पहाटेही २७ आणि रात्रीही २७. किती भाकरी पोचल्या, किती जणांच्या पायात जोडे होते, हे त्याच्या रकान्यात मावत नाही. त्याच हिवाळ्यात सारीकामिशच्या बर्फात नववी कोअर तिचे सेनापती इहसान पाशा यांच्यासकट शत्रूच्या हाती गेली होती. तक्त्यावर तिची ओळ पुढेही राहिली, नवी माणसं भरून.

ऑगस्टमध्ये मात्र तक्त्याने एक देणं फेडलं. तोवर आठवी डिव्हिजन गल्लीपोलीत परतली होती. १० ऑगस्टच्या पहाटे जोंकबायिरीच्या माथ्यावर केमालने जो हल्ला स्वतः पुढे होऊन चढवला, त्यात २३ आणि २४ या रेजिमेंटा होत्या. आठ त्रिक चोवीस. मधली गळलेली ओळ कवितेत परत आली होती.

मराठी शिपायाची या तक्त्याशी गाठ गल्लीपोलीत पडली नाही. तिथे शीख, गुरखे आणि पंजाबी होते. मराठ्यांची गाठ पडली मेसोपोटेमियात. कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी अडकल्या, आणि २९ एप्रिल १९१६ला सहाव्या ऑटोमन सैन्यापुढे त्यांनाही शस्त्रं खाली ठेवावी लागली. या आकड्यांचंही व्याकरण आहे: १९०३मध्ये सरसेनापती किचनरने मुंबई फौजेच्या जुन्या क्रमांकांत शंभर मिळवले. १०३ म्हणजे मूळची तिसरी, ११० म्हणजे दहावी. आपल्या पणजोबांच्या बिल्ल्यावर असा आकडा असेल तर त्यातून शंभर वजा करून पाहा.

१९ सप्टेंबर १९१८ला पॅलेस्टाइनमध्ये शेवटची मोठी लढाई सुरू झाली तेव्हा किनाऱ्याच्या मैदानावर इंग्रजांच्या बाजूने १०५वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती. त्याच मैदानात समोरच्या फळीत सातवी डिव्हिजन होती, १९१५ला बोलायिरवर असलेली तीच, पण आता बाविसाव्या कोअरच्या हाताखाली. एकोणिसावीही जवळपासच, एका जर्मन सेनापतीच्या हाताखाली. तिसरी कोअर डोंगरात होती, इस्मत बे यांच्याकडे, मुस्तफा केमाल यांच्या सातव्या सैन्यात. तिच्या ओळीत तेव्हा दोनच डिव्हिजनी लिहिलेल्या आहेत: १ आणि ११.